बेचाळीस नंबरच्या शर्टामागचा ब्रँच रिकी

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचे सगळे प्लेयर पाठीवर एकच नंबर घालून उतरतात, ४२. हा नंबर जॅकी रॉबिन्सनचा. १९४७ साली याच तारखेला तो ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर खेळायला उतरला आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगमध्ये घ्यायचं नाही, ही कुठेही न लिहिलेली पण साठेक वर्षं सगळ्यांनी गुपचूप पाळलेली बंदी मोडली. रॉबिन्सनबद्दल भरपूर लिहिलं जातं आणि ते जायलाच पाहिजे, पण त्याला टीममध्ये आणणारा ब्रँच रिकी कोण होता हे कळल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहते असं मला मनापासून वाटतं.

रिकीचा जन्म १८८१ चा, ओहायो राज्यातल्या शेतकरी घरातला. घरचं वातावरण मेथॉडिस्ट, म्हणजे ख्रिश्चनांमधल्या एका पंथाचं, धार्मिक. रविवारी बेसबॉल खेळायचं नाही हा त्याचा नियम आणि त्यापायी १९०४ ला सिनसिनाटीच्या टीमने त्याला एकही मॅच न खेळवता घरी पाठवलं, तरी हा हटला नाही. खेळायचा कॅचर म्हणून, म्हणजे आपला विकेटकीपर समजा. १९०७ ला न्यूयॉर्ककडून खेळत होता, खांदा दुखावलेला, आणि २८ जूनला वॉशिंग्टनवाल्यांनी एका मॅचमध्ये त्याच्यासमोर १३ बेस चोरले. बेस म्हणजे मैदानातले थांबे, रनर एकेक पार करत रन काढतो. बेस चोरणं म्हणजे पिचर, म्हणजे आपला बोलर, बॉल टाकत असतानाच रनरने पुढच्या बेसकडे धूम ठोकायची आणि कॅचरने तिथे थ्रो मारून त्याला आउट करायचं, आता ज्याचा हातच वर होत नाही तो काय थ्रो मारणार. प्लेयर म्हणून त्याचं करिअर तिथेच संपल्यात जमा झालं. मग टीबी झाला, त्यातून उठला, मिशिगन युनिव्हर्सिटीतून १९११ ला वकिली पास केली, वकिली काही चालली नाही, आणि १९१३ ला तो सेंट लुईसला परत बेसबॉलमध्येच आला, पण आता ऑफिसात.

खरी गंमत इथून सुरू होते. १९१७ ला तो सेंट लुईस कार्डिनल्सचा प्रेसिडेंट झाला तेव्हा टीम कंगाल होती, ऑफिस जरा बरं दिसावं म्हणून यानं स्वतःच्या घरातला गालिचा आणून अंथरला होता. पण टोचत होती दुसरीच गोष्ट. हा फिरून फिरून छोट्या लीगमधला एखादा चांगला पोरगा हेरायचा, त्याच्या टीमच्या मालकाला भाव विचारायचा, आणि तो मालक लगेच न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत टीमला कळवायचा की रिकीला हा पोरगा हवाय म्हणजे माल चांगला असणार, तुम्ही किती देता बोला. म्हणजे पारख याची आणि पोरगा दुसऱ्याचा. तेव्हा रिकीने ठरवलं की प्लेयर विकत घेणं परवडत नाही ना, मग आपणच पिकवू. ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ, सिरॅक्यूज अशा छोट्या टीममध्ये कार्डिनल्सने हिस्सा घ्यायला सुरुवात केली, शेकड्यांनी पोरं स्वस्तात साइन करायची, खालच्या लीगमध्ये तयार करायची आणि त्यातली निवडक वर आणायची. याला नावच पडलं फार्म सिस्टिम. १९२६, १९३१, १९३४, १९४२ अशा चार वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या फायनल, टीमने जिंकल्या, आणि एक वेळ अशी आली की कार्डिनल्सच्या हाताखाली तीसच्या वर टीम होत्या. आज मेजर लीगची प्रत्येक टीम याच पद्धतीवर चालते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या पोरांना पगार फार कमी मिळायचा आणि कराराने हात बांधलेले असायचे, दुसरीकडे जायची सोय नाही. जास्तीचे तयार प्लेयर रिकी विकायचा आणि त्या विक्रीत त्याची स्वतःची टक्केवारी असायची. १९३८ ला मेजर लीग बेसबॉलचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, लँडिस यांनी यावर कारवाई करून कार्डिनल्सच्या सत्तरच्या वर प्लेयरना मोकळं केलं. मला लँडिस यांचं हे पाऊल योग्यच वाटतं, जरी त्याच लँडिस यांच्या काळात कृष्णवर्णीयांना दार बंदच राहिलं.

१९४२ च्या शेवटी रिकी ब्रुकलिन डॉजर्सकडे गेला. त्याच्या डोक्यात एक जुनी गोष्ट होती. कॉलेजच्या टीमचा कोच असताना तो टीम घेऊन इंडियानातल्या साउथ बेंडला गेला होता, तिथल्या हॉटेलने चार्ल्स थॉमस या कृष्णवर्णीय खेळाडूला खोली द्यायला नकार दिला. रिकीने भांडून आपल्याच खोलीत त्याच्यासाठी कॉट टाकून घेतली. रात्री बघतो तर पोरगा रडत स्वतःच्या हाताची कातडी चोळतोय, जणू काही ती घासून निघणार आहे. थॉमस पुढे डेंटिस्ट झाला. रिकी ही गोष्ट आयुष्यभर सांगत राहिला.

लँडिस १९४४ ला वारले. रिकीने कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगसाठी टीम काढतोय असं बाहेर भासवलं आणि स्काउट, म्हणजे चांगले प्लेयर हेरणारी माणसं, कामाला लावले. २८ ऑगस्ट १९४५ ला क्लाइड सुकफर्थ नावाचा स्काउट रॉबिन्सनला माँटेग्यू स्ट्रीटवरच्या ऑफिसात घेऊन आला. मीटिंग तीनेक तास चालली, आणि त्यात रिकीने काय केलं तर तो स्वतः हॉटेलचा क्लार्क झाला, वेटर झाला, समोरच्या टीमचा प्लेयर झाला आणि रॉबिन्सनच्या तोंडावर घाणेरड्या शिव्या दिल्या, तू काय करशील ते बघू म्हणून. रॉबिन्सन काही मवाळ माणूस नव्हता, आर्मीत असताना बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून त्याचं कोर्ट मार्शल झालं होतं आणि तो निर्दोष सुटला होता. त्याने विचारलं की तुम्हाला उलटून मारायला घाबरणारा माणूस हवाय का. रिकीला हवा होता तो उलटून न मारण्याएवढी हिंमत असलेला. करार झाला, महिना ६०० डॉलर आणि ३,५०० बोनस, १९४६ चं वर्ष डॉजर्सच्या खालच्या टीमकडे माँट्रियलला आणि मग ब्रुकलिन.

यात कॅन्सस सिटी मोनार्क्सला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लीगमधल्या ज्या टीमकडे रॉबिन्सन खेळत होता तिला, रिकीने एक पैसा दिला नाही. हे मला आजही खटकतं. दार उघडलं खरं, पण त्या दारातून चांगले प्लेयर निघून गेले आणि कृष्णवर्णीयांनी मेहनतीने उभ्या केलेल्या लीग काही वर्षांत संपल्या.

न्यूयॉर्कचे पत्रकार रिकीला ‘महात्मा’ म्हणायचे, चक्क आपल्या गांधीजींवरून. टॉम मीनी या पत्रकाराने एका पुस्तकात गांधीजींचं वर्णन वाचलं, थोडा संत, थोडा बाप आणि थोडा मुरलेला राजकारणी अशा अर्थाचं, आणि त्याला वाटलं हा तर आपला रिकी. दुसरा एक पत्रकार त्याला कंजूसपणावरून ‘एल चीपो’ म्हणायचा. माझ्या मते दोन्ही खरं होतं. अन्याय मनापासून सलत होता आणि टीम जिंकवायचीही होती, यातलं एक खोटं ठरवायची काही गरज नाही.

१९५० ला डॉजर्समधले रिकीचे भागीदार वॉल्टर ओमॅली यांनी टीमचा ताबा घेतला, रिकी साडेदहा लाख डॉलरला आपला हिस्सा देऊन पिट्सबर्गला गेला. तिथे १९५२ ला टीम ११२ मॅच हरली, लोकांनी नको नको ते बोलून घेतलं. पण १९५४ ला त्याने डॉजर्सच्याच खालच्या टीममधून ४,००० डॉलरला पोर्तो रिकोचा एक वीस वर्षांचा पोरगा उचलला, रॉबर्टो क्लेमेंटे. १९६० ला पिट्सबर्ग वर्ल्ड सिरीज जिंकलं तेव्हा रिकी तिथून गेलेला होता, क्लेमेंटे मात्र खेळत होता.

नोव्हेंबर १९६५ मध्ये रिकी हॉस्पिटलमधून उठून मिझुरीतल्या एका सन्मान समारंभाला गेला, धैर्यावर बोलत होता, बोलता बोलता कोसळला तो परत शुद्धीवर आलाच नाही, ९ डिसेंबरला गेला. वय ८३. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, त्याचं नाव १९६७ ला लागलं, रॉबिन्सनचं त्याच्या पाच वर्षं आधीच लागलं होतं.