कॉर्निंग काच संग्रहालयातील समकालीन काचकला

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग या गावी असलेल्या काच संग्रहालयात भरणारी नव्या काचकामाची प्रदर्शने व तेथील मांडणशिल्पे. कॉर्निंग ग्लास वर्क्स या कंपनीने १९५१ मध्ये, आपल्या शताब्दीच्या वर्षी, हे संग्रहालय उभारले. जून १९७२ मधील ॲग्नेस वादळाच्या पुरात त्याची मोठी हानी झाली.

कलावंताने कारागिरावर न विसंबता लहान भट्टीवर स्वतःच काच घडवायची, या समकालीन काचकलेमागील प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अमेरिकी लेखक बहुधा १९६२ हे साल देतात. त्या वर्षी मार्च व जून महिन्यांत हार्वी लिटल्टन या कुंभारकलेच्या प्राध्यापकाने ओहायो राज्यातील टोलीडो कलासंग्रहालयाच्या आवारात दोन कार्यशाळा घेतल्या. (लिटल्टनचा जन्म कॉर्निंगचाच; वडील त्याच कंपनीत भौतिकीविज्ञ.) सुरुवातीला काचरस फुंकण्याजोगा होईना. तेव्हा डॉमिनिक लॅबिनो या तंत्रज्ञाने भट्टीत फेरफार केले आणि काचतंतूंच्या उद्योगात वापरल्या जाणाऱ्या काचेच्या तयार गोट्या वितळवायला दिल्या. त्यानंतर फुंकनळीवर फुगा धरू लागला. मात्र फ्रान्समध्ये मोरीस मारिनो हा चित्रकार पहिल्या महायुद्धापूर्वीच कारखान्यात जाऊन काच फुंकायला शिकला होता. चेकोस्लोव्हाकियात स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की व यारोस्लाव्हा ब्रिख्तोव्हा हे दांपत्य १९५०च्या दशकातच ओतीव काचेची शिल्पे करत होते. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात चेक काच गाजली. हे काम कारखान्यांच्या साहाय्याने होई म्हणून काही अभ्यासक ते या प्रथेत धरत नाहीत. पण हा निकष फारच अरुंद वाटतो. १९६२ हे भट्टी अमेरिकी विद्यालयांत शिरल्याचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

संग्रहालयाने १९५९ मध्ये भरवलेल्या प्रदर्शनात कारखानदारी वस्तूंचे प्राबल्य होते. १९७९ च्या जागतिक पाहणीवजा प्रदर्शनात मात्र स्वतंत्र कलावंत पुढे आले. २०१९ मध्ये याच मालिकेतले तिसरे प्रदर्शन झाले.

टॉमस फायफर यांनी रचलेले समकालीन कलेचे दालन मार्च २०१५ मध्ये खुले झाले. भिंती पांढऱ्या व वळणदार, प्रकाश छतातून येणारा. बहुतेक कलादालनांत ऊन टाळतात; काचेला त्याची फारशी बाधा नसल्याने येथे ते मुद्दाम आत घेतले आहे. लिबेन्स्की-ब्रिख्तोव्हा यांचा ‘लाल पिरॅमिड’ (१९९३) ही संग्रहातील ओतीव काच. जाड भाग गडद, कडेला पातळ होत जाणारा भाग उजळ दिसतो. रंग एकच, फरक केवळ जाडीचा. एवढा ठोकळा भराभर निवला तर तडकतो, म्हणून अशा ओतकामाचे अनुशीतन (नियंत्रितपणे थंड करणे) अतिशय सावकाश करावे लागते. हाव्हिएर पेरेस यांच्या ‘कारोन्या’ (स्पॅनिशमध्ये सडके मढे; २०११) मध्ये रक्तवर्णी झुंबर जमिनीवर फुटून पडले आहे आणि पेंढा भरलेले कावळे मढ्यावर तुटून पडावे तसे त्याचे तुकडे टोचत आहेत. काच इटलीतील व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाची, त्यामुळे तेथील ओसरत्या काचधंद्याशी तिचा संबंध जोडला जातो.

लगतच्या जुन्या स्टूबेन काचकारखान्याच्या इमारतीत सुमारे ५०० आसनांचे प्रेक्षागृह असून तेथे भट्टीवरील काम प्रेक्षकांसमोर चालते.