गिरण्या बंद झाल्या, पण कामगारांच्या ट्रेनिंगचं काय झालं?

मुंबईच्या कापड गिरण्यांचा १९८२ चा संप सगळ्यांना माहितीये, अडीच लाख कामगार वगैरे, ते परत सांगत बसत नाही. फक्त एवढंच की पॉवरलूमने, म्हणजे छोट्या शेडमधल्या विजेवर चालणाऱ्या मागांनी, गिरण्यांचा धंदा त्याच्या आधीपासूनच खायला घेतला होता, खापर मात्र सगळं संपावर फुटतं.

१९८५ च्या कापड धोरणाने न चालणाऱ्या गिरण्या बंद करायचा रस्ता मोकळा केला आणि पुढच्याच वर्षी केंद्राची पुनर्वसन योजना आली, पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, मग ५०, मग २५. म्हणजे तीन वर्षांत दुसरी लाइन पकडा. आता साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम विभागात, उमर घालवलेला, मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा पंचेचाळिशीचा माणूस लाइन पकडणार कुठली? बरेचसे वॉचमन झाले, कुणी भाजी विकली, कुणी भिवंडीच्या पॉवरलूमवर कमी पैशात तेच काम धरलं, बाकीचे कोकणात नाहीतर घाटावर गावी गेले, आणि तिथली घरं तर मुंबईच्या मनीऑर्डरवरच चालायची. रोज गेटवर उभं राहून कोणी खाडा केला तरच काम मिळणारे बदलीवाले, त्यांचा हिशोब तर आणखीच अवघड.

१९९२ ला केंद्राने एक वेगळा निधी काढला, कामगारांना नवीन काम शिकवून दुसरीकडे लावायचं हे त्यात स्पष्ट होतं, पण बहुतेक पैसा गेला सरकारी कंपन्यांच्या व्हीआरएसमध्ये, म्हणजे पैसे देऊन स्वेच्छेने निवृत्त करण्यात. चेक देऊन मोकळं होणं सोपं, शिकवणं कटकटीचं.

खरा घोळ जमिनीच्या नियमात आहे. १९९१ च्या नियमाने गिरणीची जमीन विकायला परवानगी दिली, तीन वाटे पडणार होते, पालिका, परवडणारी घरं आणि मालक. २००१ ला बदल करून वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली, मग पाडलेल्या शेडखालची जागा मालकाकडेच राहिली. हायकोर्टाने २००५ ला वेगळा अर्थ लावला, सुप्रीम कोर्टाने २००६ ला तो फिरवला. यावर ढीगभर लिहिलं गेलंय. पण त्याच नियमात आणखी एक गोष्ट होती, तिथे नवा धंदा आला तर कामगाराला किंवा घरातल्या एकाला नोकरीत प्राधान्य, पण लागणारं शिक्षण किंवा कौशल्य असेल तर. माझ्या मते सगळी मेख या 'असेल तर'मध्येच आहे, कारण मॉल आणि ऑफिसांना लागणारं कौशल्य साचेखात्यातून येत नाही, ते कुणीतरी शिकवावं लागतं.

२०१२ पासून गिरणी कामगारांसाठी घरांच्या लॉटऱ्या सुरू झाल्या आणि मागणी घरावरच येऊन थांबली. तोवर त्यातले बरेच जण रिटायरमेंटच्या वयाला पोचले होते, त्यांना आता काय ट्रेनिंग देणार.