जागतिक राजकीय अर्थशास्त्र

राज्यसत्ता व बाजार यांच्या सीमापार संबंधांचा अभ्यास करणारी ज्ञानशाखा. ती आंतरराष्ट्रीय संबंधांची उपशाखा मानावी की स्वतंत्र विषय, याबद्दल मतभेद आहेत. मराठीत ‘अर्थशास्त्रा’ऐवजी ‘अर्थकारण’ असेही म्हणतात. ते अधिक नेमके वाटते.

‘राजकीय अर्थशास्त्र’ ही संज्ञा मोंक्रेत्यँ या फ्रेंच लेखकाच्या १६१५ मधील ग्रंथशीर्षकात येते. तीच आद्य मानली जाई. पुढे मायेर्न-तुर्के याने १६११ मध्येच ती वापरल्याचे दिसून आले. आधुनिक विषयाचा आरंभ सामान्यतः ब्रिटिश अभ्यासक सुसान स्ट्रेंज यांच्या १९७० मधील लेखापासून धरतात. विद्यापीठीय विषयापुरते हे ठीक. राज्यसत्ता व बाजार यांच्या संबंधांचा प्रश्न मात्र जुना आहे. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्येच वृत्तपत्रीय पत्रांतून इंग्रजी राजवटीत भारतातून बाहेर जाणाऱ्या संपत्तीच्या ओघावर टीका केली होती. याच ओघाविषयीची दादाभाई नौरोजींची मांडणी १८६७ पासूनची. इंग्लंडमधील अर्थसिद्धांत सर्व देशांना सरसकट लागू पडत नाहीत, असे न्या. रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात मांडले. प्रेबिश व सिंगर या अर्थशास्त्रज्ञांचा, पक्क्या मालाच्या तुलनेत कच्च्या मालाच्या घसरत्या विनिमयमूल्याचा सिद्धांत १९४९–५० चा. रानड्यांपासून तिथवर सलग परंपरा दाखवता येत नाही. तरी आरंभ १९७० ला बांधणे संकुचित ठरते.

वास्तववाद (राज्यसत्तेला अग्रस्थान देणारा), उदारमतवाद (खुल्या बाजाराला) व मार्क्सवाद (वर्गसंबंधांना) हे प्रमुख दृष्टिकोन. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ वॉलरस्टाइन यांची केंद्र–परिघ मांडणी (१९७४; श्रीमंत देश केंद्रस्थानी, गरीब देश परिघावर) तिसऱ्याच्या जवळची.

सुरक्षा, उत्पादन, वित्त व ज्ञान या स्ट्रेंज यांनी सांगितलेल्या सत्तेच्या चार रचनांपैकी चौथीचे उदाहरण हळदीत सापडते. जखमेवर हळद लावण्याच्या उपायाचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे व १९५३ मधील एका वैद्यकीय लेखाचे दाखले दिल्यावर ते १९९७ मध्ये रद्द झाले. घरोघरच्या आजीबाईंची साक्ष तिथे चालत नव्हती. छापील पुरावा लागला; कोणते ज्ञान मान्य धरायचे हे ठरवण्याची सत्ता ती हीच. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन (विशिष्ट प्रदेशातील मालाची कायदेशीर ओळख) मिळाले ते २०१८ मध्ये. सांगली ही हळदीची मोठी पेठ. सौद्याला येणारा बराच माल परजिल्ह्यांतला व परराज्यांतला. भाव चढेपर्यंत तो राखण्याची जुनी सोय म्हणजे सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांची तोंडे मातीने बंद करीत.   २००५ च्या महापुरात बहुतेक पेवे निकामी झाली व साठवण गोदामांत गेली.

 वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन १९१९ मध्ये निघाले.  सातारा व सांगली जिल्ह्यांतील बहुतेक महाविद्यालये शिवाजी विद्यापीठाच्या (स्था. १९६२) कक्षेत येतात; तेथे हा विषय मुख्यतः राज्यशास्त्राच्या अंगाने शिकला जातो. मराठी परिभाषेसाठी वाई येथे सिद्ध झालेला मराठी विश्वकोश (पहिला खंड १९७६) उपयोगी पडतो.