रिफ्रेश मारल्याने कॉम्प्युटर फास्ट होतो का?

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून चार-पाच वेळा रिफ्रेश मारलं की रॅम (चालू प्रोग्रॅम वापरतात ती मेमरी) मोकळी होते आणि मशीन पळतं, हे सायबर कॅफेच्या काळापासून ऐकत आलोय. तसं काही होत नाही. डेस्कटॉप हा विंडोजमधला एक फोल्डरच. रिफ्रेश, म्हणजेच एफ५, त्यातल्या फायलींची यादी पुन्हा वाचून आयकॉन नव्याने दाखवतं, एवढंच. नुकतीच सेव्ह केलेली फाइल दिसत नसेल तर उपयोगाचं. रॅम त्याने मोकळी होत नाही. (सवयीने मीही मारतोच म्हणा.) मशीन खरंच रखडत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी कोण खातंय ते तिथे दिसतं. माझ्याकडे तरी बहुतेकदा ब्राउझरच सापडतो, पंचवीस टॅब उघडून बसलेला.