भावनिक बुद्धिमत्ता : कंपन्यांच्या आधी ती घरात होती

१९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांचं ‘इमोशनल इंटेलिजन्स’ हे पुस्तक आलं आणि ही संज्ञा सर्वतोमुखी झाली. संज्ञा मात्र त्यांची नव्हती. पाच वर्षं आधी पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी याच नावाचा शोधनिबंध लिहिला होता. स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखायच्या, त्यांतला फरक जाणायचा आणि विचार करताना, वागताना ती जाण वापरायची, अशी त्यांची मांडणी होती. त्याहीआधी, १९२० मध्ये, एडवर्ड थॉर्नडाइक यांनी सामाजिक बुद्धिमत्ता वेगळी काढून दाखवली होती. कारखान्यातला उत्तम मेकॅनिक फोरमन म्हणून सपशेल पडू शकतो, हे त्यांचंच निरीक्षण.

पुस्तक गाजलं तसं कंपन्यांनी ही कल्पना उचलून धरली. ‘ईक्यू’, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेचा गुणांक, ही बढतीची पायरी, असं समीकरण होऊन बसलं. माझ्या मते इथेच मोठं नुकसान झालं, कारण घरातल्या नात्यांवर तोवर फार मोलाचं काम झालेलं होतं.

मुलांशी बोलावं कसं, यावर मानसशास्त्रज्ञ हाइम गिनॉट यांनी १९६५ मध्येच लिहिलं होतं. मुलाची प्रत्येक भावना मान्य करा, प्रत्येक वागणं नव्हे, हे त्यांचं सूत्र. खेळणं मोडलं म्हणून पोरगं रडत असेल, तर ‘एवढ्याशासाठी काय रडतोस?’ असं न दटावता ‘आवडीचं होतं ना? वाईट वाटलं तुला,’ असं म्हणायचं. पण म्हणून बहिणीला मारलेलं चालवून घ्यायचं नाही.

गिनॉट यांचं ऋण मानणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवराबायकोच्या नात्याचा अभ्यास केला. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी फ्लॅटसारखी प्रयोगशाळा थाटली, कॅमेरे लावले आणि नवविवाहित जोडप्यांना तिथे राहायला बोलावलं. भांडणं तर टिपलीच, पण हाती लागलं ते फार साधं. तो वाचत बसलाय. खिडकीशी उभी असलेली ती म्हणते, ‘ती होडी बघ, किती सुंदर आहे!’ तो मान वर करतो, नुसतं ‘हं’ करतो, की ‘वाचू दे ना जरा!’ म्हणून खेकसतो? सहा वर्षांनी पाहिलं तेव्हा, ज्यांचा संसार टिकला होता त्यांनी जोडीदाराच्या अशा हाकेला सरासरी ८६ टक्के वेळा ओ दिली होती. घटस्फोट झालेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. भावनिक बुद्धिमत्तेचं इतकं लखलखीत चित्र मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

महाराष्ट्रात हा विचार ‘ईक्यू’च्या लाटेआधीच पोचला होता, वेगळ्या वाटेने. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, रुजवली. १९९० मध्ये ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था उभी करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनीही ती लोकांपर्यंत नेली. उदाहरणार्थ, मैत्रिणीने फोन उचलला नाही, ही घटना. ‘तिला माझी किंमतच नाही,’ हा आपण लावलेला अर्थ. संताप येतो तो या अर्थापायी. या पद्धतीने काम करणारा समुपदेशक तिथेच आपल्याला थांबवतो आणि विचारतो, ‘किंमत नाही, याला पुरावा काय?’