मजुरी अडवणे (ख्रिस्ती नीतिविचार)

केलेल्या कामाचे पैसे वेळेवर किंवा पुरते न देणे. ख्रिस्ती नीतिविचारात याची गणना चोरीत होते. मजुराची दिवसाची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नये, ही आज्ञा बायबलमधील ‘लेवीय’ 19:13 मध्ये आहे. ‘याकोबाचे पत्र’ 5:4 मध्ये कापणी करणाऱ्यांची बुडवलेली मजुरीच ओरड करते. स्वर्गाकडे दाद मागणारी म्हणून जी मोजकी पापे कॅथलिक परंपरा सांगते, त्यांत मनुष्यहत्येबरोबर हेही आहे. मजुराने नाइलाजाने कमी पैसे कबूल केले म्हणून ते न्याय्य ठरत नाहीत, असे पोप तेरावे लिओ यांनी 1891 मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात बजावले.

मुंबईत या शिकवणीची खरी कसोटी घरकामात लागते. बेल्जियन धर्मभगिनी जीन डेव्होस यांनी 1985 मध्ये नॅशनल डोमेस्टिक वर्कर्स मूव्हमेंट सुरू केली, ती याच कामगारांसाठी. धुणीभांडी करणाऱ्या बाईची मजुरी सहसा उघडपणे बुडवली जात नाही; ती खाड्यांत आणि सुटीत झिरपते. 4,500 रुपये पगाराला 30 ने भागले तर एका खाड्याचे 150 रुपये होतात, 26 ने भागले तर 173. कशाने भागायचे हे कामाला लावतानाच ठरवावे, नाहीतर महिनाअखेरीस मालकाला सोयीचा आकडा लागू होतो. मे महिन्यात घर बंद करून गावी जाणारे अनेक मालक तेवढे दिवस कापतात. हे चूकच आहे: बाई यायला तयार असते, दार बंद असते. उचल दिली असेल तर दरमहा किती वळती करायची तेही दोघांकडच्या वहीत लिहावे. तोंडी उचल फिटली की नाही, यावरूनच पुष्कळदा शेवटचा पगार अडतो.

महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, 2008 खाली 18 ते 60 वयाच्या कामगारांची नोंदणी होते. नोंदणीसाठी, बाई आपल्याकडे काम करते असा मालकाचा दाखला लागतो आणि तो देताना मालक कचरतात. दाखला देणे हेही मजुरीइतकेच देणे आहे.

पापनिवेदनाने, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल केल्याने, मजुरीचे हे देणे फिटत नाही. अडवलेली रक्कम परत करावीच लागते. बाई काम सोडून गेली असेल तर तिला शोधावे, ती हयात नसेल तर वारसांना द्यावी. कोणीच सापडले नाही तरच ती गरिबांना वाटावी. पत्ता ठाऊक असताना दानपेटीत टाकलेले पैसे या हिशेबात धरत नाहीत.