पाणबुडी मोटार व तिचे जलशीतन

पंपासह विहिरीत किंवा बोअरमध्ये बुडवून चालवायची विद्युत मोटार. पंप जे पाणी उपसतो तेच मोटारीला घासून वर जाताना तिची उष्णता नेते. त्यामुळे पंखा, रेडिएटर किंवा वेगळा पंप असा शीतनाचा खर्च उरत नाही.

या मोटारीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. काही लेखक मान आर्मेनियन अभियंते आर्माइस आरुत्युनॉफ यांना देतात. त्यांनी १९११ च्या सुमारास रशियन साम्राज्यात या कामाला आरंभ केला व पुढे अमेरिकेत ओक्लाहोमातील बार्टल्सव्हिल येथे ते स्थिरावले. त्यांची मोटार मात्र तेलाने भरलेली व तेलविहिरींसाठी होती. पाण्यानेच भरलेल्या मोटारीचा उगम जर्मनीत, साधारण १९२९ च्या सुमारास, प्लॉयगर या उद्योजकाच्या कामात दिसतो. शेतीपंपांचा विचार करता ही दुसरी परंपरा अधिक जवळची ठरते.

मोटारीत स्वच्छ पाणी भरतात. ते वाइंडिंगची (आतल्या तारेच्या वेटोळ्यांची) उष्णता मोटारीच्या बाहेरच्या नळीपर्यंत, म्हणजे कवचापर्यंत, पोचवते आणि बेअरिंगला वंगणही पुरवते. त्यासाठी तांब्याच्या तारेवर जलरोधक वेष्टन लागते. पीव्हीसीचे वेष्टन साधारण ७० °से. पर्यंतच भरवशाचे असते. ५ अश्वशक्तीच्या, ७५ टक्के कार्यक्षमतेच्या मोटारीत सुमारे १.२ किलोवॉट उष्णता निर्माण होते. सेकंदाला २ लिटर पाणी वाहत असेल, तर या उष्णतेने ते जेमतेम ०.१५ अंश तापते. म्हणजे पाणी पुरेसे असते. प्रश्न ते मोटारीवरून वाहते की नाही, हा असतो.

अरुंद बोअरमध्ये ते आपोआप वाहते. रुंद विहिरीत पाणी बाजूने थेट जाळीत (मोटारीच्या वर असलेल्या, पंपात पाणी घेणाऱ्या तोंडात) शिरते आणि खालची मोटार संथ पाण्यात तापत राहते. यावरचा स्वस्त उपाय म्हणजे मोटारीवर पीव्हीसी पाइपाचा तुकडा चढवणे. त्याचे वरचे तोंड जाळीच्या वर पंपाभोवती बंद करतात आणि खालचे उघडे ठेवतात, म्हणजे पाण्याला मोटारीवरूनच यावे लागते. प्रवाहाचा वेग सेकंदाला १५ सेंमी.च्या आसपास असावा, असे सहसा मानतात.

मोटार गाळात रुतली, नळीवर क्षारांचा थर बसला किंवा पाणी जाळीखाली गेले, की हे शीतन निकामी होते. कमी दाबाच्या विजेवर, महाराष्ट्रातील शेतीपंपांना हा अनुभव नवा नाही, मोटार जास्त प्रवाह ओढते. तांब्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते व वाइंडिंग जळते. भारतात या मोटारींना आयएस ९२८३ व पंपसंचांना आयएस ८०३४ ही मानके आहेत.